सरपंचांच्या भाषणातलं गाणं

गेल्या रविवारी नेवाशाजवळच्या एका गावात सरपंचांचं भाषण ऐकताना मी रडले... आणि ते संपायच्या आधीच जोरात टाळ्या वाजवल्या. भाषण गटारीच्या कामावर होतं. हसू नका, पुढे वाचा.

माझे कान चाललेत. उजवा गेलाच, डावा जायच्या वाटेवर आहे. डॉक्टर म्हणाले, किती दिवस टिकेल सांगता येत नाही, ऐकायचं ते ऐकून घ्या. ते सहज बोलले असतील, पण मी घरी येऊन एकच ठरवलं... ताईंचं ते पाण्याला निघालेल्या बाईचं गाणं एकदा तरी समोर बसून ऐकायचं.

ताईंचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. लग्नाआधीपासून मी त्यांच्या आवाजाची वेडी. कॅसेट घासून चरचरायला लागली तरी तेच गाणं लावायचे. पण प्रत्यक्ष ऐकायचं संसाराच्या नादात राहूनच गेलं.

तर माझ्या नणंदेच्या गावच्या यात्रेत ताईंचा ऑर्केस्ट्रा ठरला. तिचा फोन आला आणि आम्ही दोघं केडगावहून दुपारीच निघालो. मी बघण्याच्या कार्यक्रमालाही एवढी नटले नव्हते, असं ह्यांचं गाडीत चालूच होतं.

नणंदेनं पहिल्या रांगेत खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. ऊन उतरलं होतं. स्टेजवर वाद्यं मांडलेली, आणि बाजूच्या सोफ्यावर ताई बसलेल्या... पण आपल्याकडे सत्कारांशिवाय ऑर्केस्ट्रा सुरू होतो का? नारळ, शाल, फेटा... आजी, माजी, भावी, सगळ्यांचे झाले.

समोर साउंडचे मोठमोठे बॉक्स. माझं कानातलं मशीन शिट्ट्या मारायला लागलं, म्हणून काढून पर्समध्ये टाकलं. सगळं जग गोधडीखाली गेल्यासारखं झालं. मी डोळे मिटून बसले.

आणि गाणं सुरू झालं.

तेच. ना पेटी, ना ढोलकी, नुसता ताईंचा आवाज... कॅसेटपेक्षा स्वच्छ. वाटलं, मशीन नाही म्हणून वाद्यं पोचत नसतील. दुसऱ्या कडव्यानंतर त्या अडखळल्या, गप्प झाल्या. मग मागे जाऊन त्यांनी दुसरं कडवं पुन्हा घेतलं आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. मला रडू आवरेना. टाळ्या वाजवतच डोळे उघडले.

माईकवर सरपंच उभे होते. मी वाजवल्या म्हणून सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. सरपंच भलतेच खूश झालेले दिसले. मला वाटलं, गाणं संपल्यावर हे लगेच बोलायला उभे राहिले असतील.

नणंद कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "वहिनी, भाशान लई आवडलं व्हय तुमाला?" मी नुसती हसले.

मग कार्यक्रम रंगला, पण माझ्यापर्यंत नुसते ठोके पोचत होते. मशीन घालावं तर शिट्ट्या, काढावं तर आवाज फिसकटलेला. नणंदेनं माझ्या गाण्याची फर्माईश पाठवली. निवेदक काहीतरी बोलला. ह्यांनी वाकून सांगितलं, "ते गाणं त्या आता गात नाहीत म्हणे."

मी म्हटलं, "अहो, मघाशी गायल्या की."

हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मघाशी कुठलं? सरपंचांचं भाषण चाललं होतं. ताई तोंड मिटून बसल्या होत्या."

मग आठवलं, डॉक्टर म्हणाले होते की ऐकू यायचं कमी झालं की कधीकधी डोक्यातच गाणी वाजतात. तसंच असेल, म्हणून मनाची समजूत घातली. पण खरं सांगू? खूप वाईट वाटलं. जे ऐकायला आले होते, ते माझ्याच डोक्यातलं निघालं.

मध्यंतरात नणंद मला फोटोसाठी ओढत स्टेजमागे घेऊन गेली. ताई चहा पीत होत्या. मला बघितलं आणि त्यांनी कप खाली ठेवला.

त्यांनी माझा हात धरला आणि माझ्या डाव्या कानाशी आल्या. कुठला कान चालतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "तुम्हीच ना पहिल्या रांगेत? बरोबर समेवर मान हलवत होता."

मी मान डोलावली.

"आवाज चढत नाही आता, म्हणून ते गाणं सोडलं. पण प्रत्येक कार्यक्रमाआधी एकदा मनातल्या मनात म्हणते. आज दुसऱ्या कडव्यानंतर अडले... तुमचीही मान थांबली. मी मागे आले, तुम्ही परत सुरू झालात." एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा हात गार पडला होता... माझाही.

फोटो काढायचा राहूनच गेला. परतीच्या वाटेवर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी एकदाही चेष्टा केली नाही, गाडीतला रेडिओ तेवढा बंद केला.

डावा कान त्यानंतर अजून उतरलाय. कुकरची शिट्टीही आता कळत नाही. पण काल दिवेलागणीला कणीक मळत होते आणि ते सुरू झालं... नुसता आवाज. कणकेतला हात तसाच थांबला. म्हणजे कुठल्यातरी गावात सत्कार चालले असणार, आणि ताई सोफ्यावर तोंड मिटून बसल्या असणार.

ताई, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर... मला ऐकू येतंय. गात राहा.