तेरा नंबरची कडी

फोरमनच्या नाकावर माशीसुद्धा परवानगी घेऊन बसते, असं कारखान्यात म्हणायचे. वेल्डिंग खात्यातली चाळीस माणसं त्यांच्या एका भुवईवर चालायची. नोकरी संपून सात वर्षं झाली तरी नाव काही गेलं नाही, आणि भुवईही गेली नाही. घरात फोरमन, गल्लीत फोरमन, न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालून बसले तरी फोरमनच.

असा माणूस न्हाणीघरात साबणावरून घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडून बसला. ऑपरेशन झालं. डॉक्टर वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट. रोज सकाळी अर्धा तास चालायचं, म्हणाले, आणि पडायचं नाही. आता पडलात तर पुन्हा उभे राहाल याची खात्री मी देणार नाही. हे ऐकून फोरमन घरी येईपर्यंत गप्प होते. गप्प फोरमन घरात कुणी पाहिलाच नव्हता.

मुलाची पहाटेची पाळी, म्हणून सोबतीला सून. सून अंगानं किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. कुकरची शिट्टी झाली की दचकायची, झुरळ दिसलं की स्टुलावर. फोरमननी लग्नानंतर आठवडाभरातच तिला ‘भित्री भागुबाई’ करून टाकलं होतं, आणि तीही बिचारी त्यावर हसायची. नोकरी विजेचे मीटर वाचायची. उन्हातान्हात घरोघर जायचं, जिन्याखाली वाकायचं, बॅटरी मारून आकडे टिपायचे. फोरमनना ते काही पटलेलं नव्हतं. आपल्या घरची सून दारोदार फिरते, हे त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही. म्हणून न्हाव्याकडे ते ठोकून द्यायचे, की सून वीज कंपनीच्या ऑफिसात असते. घरात मात्र म्हणायचे, आकडे तर उतरवायचे, त्यात काय अक्कल लागते, चष्मा असला की झालं.

तिची ती पिशवी तर त्यांच्या डोळ्यांत खुपायची. खाकी, जाड कापडाची, एका खांद्यावरून आडवी घातलेली. सुट्टीच्या दिवशी फिरायला निघाली तरी पिशवी अंगावर. आत घडी घातलेला रेनकोट, बॅटरी, पाण्याची बाटली. आपण फिरायला निघालोय की बाजाराला, असं फोरमननी किती वेळा सुनावलं असेल. सवय आहे बाबा, एवढंच ती म्हणायची.

त्या दिवशी सकाळी दोघं चढाच्या गल्लीत शिरली. एका बाजूला लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला छोटी छोटी फाटकं, टोकाला लाकडाची वखार. वखारीचं दार उघडं होतं आणि तिथून ते आलं. तांबडं, रुंद छातीचं कुत्रं, गळ्यातून तुटकी साखळी रस्त्यावर खळखळ घासत. भुंकत भुंकत सरळ त्यांच्या रोखानं आलं, चार हातांवर थांबलं, आणि एकदम भुंकायचं बंद झालं. ओठ मागे गेले. दात दिसले.

फोरमननी काय केलं असेल? जे आयुष्यभर केलं तेच. आवाज चढवला आणि काठी उगारली. काठी वर गेली तसा उजव्या पायावर सगळा भार आला आणि तोल डळमळला. कुत्रं आणखी खाली दबलं.

“बाबा, काठी खाली.”

आपल्या कानांवर त्यांचा विश्वास बसेना. चाळीस वर्षांत त्यांना असं कुणी सांगितलं नव्हतं; बायको सांगायची, पण बायकोची गोष्ट वेगळी. सुनेनं पुन्हा सांगितलं, त्याच पट्टीत, जरासुद्धा न चढवता.

“काठी जमिनीला टेकवा. त्याच्या डोळ्यांत बघू नका. माझ्या खांद्याकडे बघा.”

डोळ्यांत बघू नका, हे त्यांना कळलं. ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, हे त्यांनीच शेकडो नवख्यांना ओरडून सांगितलं होतं. काठी खाली आली. फोरमननी आज्ञा पाळली.

ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली होती, कुत्र्याला अंगाची एक बाजू देऊन. पिशवी गळ्यातून काढून पुढे धरलेली. कुत्र्याला हळू, जड आवाजात म्हणत होती, जा, घरी जा. आणि मधे मधे फोरमनना: मागं, एक पाऊल. थांबा. अजून एक. फोरमनना कुत्र्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती पायांखालच्या रस्त्याची होती. आता पडलो तर संपलं, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. पळणं तर शक्यच नव्हतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की पळणं हिला शक्य आहे. ही पळत नाहीये.

कुत्र्यानं झेप घेतली आणि पिशवीत दात रोवले. आता ही ओढणार, असं फोरमनना वाटलं. तिनं सरळ सोडून दिली. कुत्रं पिशवीलाच झटके देत बसलं, रेनकोट बाहेर आला, बाटली गडगडत उतारावर गेली. तेवढ्या वेळात तिचा डावा हात पाठीमागे गेला. वळून न बघता एका फाटकाची कडी तिनं वर उचलली, खांद्यानं ढकललं, फाटक उघडलं.

“आत चला. पायरी उंच आहे, उजवा पाय आधी.”

उजवा पाय आधी. पायरी खरंच उंच होती. दुसऱ्या क्षणाला कडी पडली आणि फाटकाच्या पलीकडे कुत्र्याचं नाक येऊन आदळलं.

घरातली बाई ओले हात पुसत बाहेर आली. अगंबाई मीटरवाल्या ताई, म्हणाली, आणि खुर्ची काय, पाणी काय, धावाधाव सुरू झाली. शेजारच्या गच्चीवरून दुसरी कुणी विचारत होती, ताईंना लागलं का. वखारवाला धापा टाकत आला, त्यानं कुत्र्याला धरलं आणि हात जोडले. फोरमनना तोवर आवाज परत मिळाला होता. साखळी हातात घेऊन त्यांनी तुटका सांधा पाहिला आणि वेल्डिंगचा असा कच्चा टाका कुणी मारला म्हणून वखारवाल्याला उभा-आडवा झोडपला. मग खुर्चीत बसले. सून भिंतीला टेकून मटकन खाली बसली होती, ते त्यांनी आत्ता पाहिलं.

कडी न बघता कशी उघडलीस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, दर महिन्याला उघडते ना बाबा. तेरा नंबरची वर उचलून ढकलायची, सतराची गंजलीय, तिथं लाथ घालावी लागते. या घराला पायरी उंच आहे, हे मी एकदा पडून शिकले.

“पण भुंकणारं कुत्रं चावत नाही म्हणतात.”

“ही म्हण करणाऱ्यानं मीटर वाचले नसणार. भुंकतंय तोवर बरं असतं बाबा. गप्प झालं की सांभाळायचं.”

मग साडी वीतभर वर घेऊन तिनं पोटरी दाखवली. चार खळगे, जुने, पांढरे पडलेले. नोकरीच्या पहिल्या वर्षातले. फोरमनना आठवलं, त्या महिन्यात ही लंगडत होती. स्कूटरवरून पडले, असं सांगितलं होतं तिनं. कुत्रं चावल्याच्या सुया ती जेवणाच्या सुट्टीत एकटीच जाऊन टोचून घ्यायची, हे आज कळलं.

“आम्हाला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही नोकरी सोड म्हणाला असतात.”

खरंच होतं. फोरमन म्हणालेच असते. शिवाय वर, सांगत होतो ना, असंही ऐकवलं असतं.

दुपारी त्यांनी ट्रंक उघडली, चामड्याचे हातमोजे शिवायची जाड सुई शोधून काढली आणि ती फाटकी पिशवी मांडीवर घेऊन बसले. दुहेरी दोरा घातला, पट्ट्याला दोन टाके जास्तच. संध्याकाळी दाराजवळच्या खुंटीला पिशवी परत लटकली. सुनेनं टाके पाहिले, त्यावरून बोट फिरवलं, आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

रविवारी न्हाव्याच्या दुकानात फोरमननी सगळी हकिकत तपशिलवार सांगितली. सांगताना अंगावर मूठभर मांस चढलं होतं. वस्तरा थांबला, बाकावरचे पेपर खाली आले. न्हावी म्हणाला, नशीब तुमचं, त्या दिवशी सूनबाईंना ऑफिसला सुट्टी होती.

“कसलं ऑफिस,” फोरमन आरशातून म्हणाले. “मीटर वाचते ती. दारोदार फिरते. दिवसाला दीडशे दारं. आणि प्रत्येक दाराची कडी तिला पाठ आहे.”

मग त्यांनी भुवई वर केली, आणि न्हाव्यानं मुकाट्यानं पुन्हा वस्तरा चालवला.