पुलीचं सुतक

खिदिरपूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चिनी जोडप्याचं खाण्याचं दुकान होतं. चार बाकं, एक चूल आणि तिच्यावर एकावर एक रचलेल्या बांबूच्या चाळण्या. म्हातारा पूर्वी गोदीत जहाजांचं सुतारकाम करायचा. ते झेपेनासं झालं तेव्हा दोघांनी मिळून हे सुरू केलं. तो पारी लाटायचा, ती सारण भरून कळ्या पाडायची. त्या पदार्थाचं चिनी नाव कुणालाच म्हणता येत नसे. गल्लीतली बंगाली पोरं त्याला पुली म्हणत, म्हणून आम्हीही पुलीच म्हणायचो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. बाबांची मुंबईहून कलकत्त्याच्या गोदीत बदली झाली होती. घरात आईबाबा, अकरा वर्षांची मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी विधवा आत्या. स्वयंपाकघर आत्याचं राज्य होतं. परक्याच्या हातचं ती पाणीसुद्धा पीत नसे. इथे ब्राह्मणही मासे खातात हे कळल्यावर तिने अख्ख्या शहरावर फुली मारली होती.

त्या वर्षी आईला दिवस होते. याआधीची दोन मुलं पोटातच गेली होती. या खेपेला चौथा महिना सरला तरी आईच्या पोटात अन्न ठरेना. मऊ भात, ताक, साबुदाण्याची पेज, जे देऊ ते उलटून पडायचं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "असंच चाललं तर मूल हाती लागणं कठीण आहे." बाजूला घेऊन म्हणाले खरे, पण मी तिथेच होते.

एक दिवस बाबांनी कंटाळून कोपऱ्यावरून कोबी, कांद्याची पात आणि दाण्यांचं सारण असलेल्या पुली आणल्या. आईने वास घेतला, एक खाल्ली, मग चार खाल्ल्या, आणि त्या चारही पोटात राहिल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी शाळेच्या आधी डबा घेऊन जाणं माझं काम झालं. शेजारच्या चाळणीत काय शिजतं हे बाबांनी कधी विचारलं नाही, मलाही विचारू दिलं नाही. आत्याची मात्र पंचाईत झाली. बाहेरचं खाणं तिला चालत नव्हतं, आणि गरोदर बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर तेही तिला चालत नव्हतं. शेवटी तिने तोड काढली. पुली घरात येतील, पण स्वयंपाकघरात नाही. आईने व्हरांड्यात बसून खाव्यात आणि डबा मी बाहेरच्या नळावर घासावा.

दीड महिना हे बरं चाललं. मग एका सोमवारी दुकानाच्या फळ्या लागलेल्या दिसल्या. समोरच्या चहावाल्याने सांगितलं, म्हातारा आदल्या रात्री झोपेतच गेला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, आधी वाईट वाटलं ते माझ्या रिकाम्या डब्याचं.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. बाबा पहाटेची ट्राम पकडून टिरेटा बाजारात गेले, तिथे सकाळी चिनी लोक ताजं खाणं विकत बसतात. तिथल्या पुली पावासारख्या फुगलेल्या होत्या. आईने एकीचा तुकडा मोडला आणि ताटली सरकवली. धर्मतल्ल्याच्या एका मोठ्या हॉटेलातून आणलेल्या पुली पाणचट सारात पोहत होत्या. शेजारच्या बंगाली काकीमांनी मायेने आपल्या पद्धतीच्या पुली करून पाठवल्या, पण त्यात नारळ आणि खजुराचा गूळ. त्या मीच संपवल्या. शेवटी आत्याने कंबर कसली. मोदक करणाऱ्या बाईला त्यात काय अवघड, असं म्हणून तिने तांदळाची उकड काढली, कोबीत काळा मसाला घातला आणि एकवीस सुबक नग समोर ठेवले. आईने अर्धा खाल्ला आणि मोरीकडे धावली. आत्या पदराने हात पुसत नुसती उभी राहिली. तिला हरलेली मी तोवर पाहिली नव्हती.

शुक्रवारी सकाळी बाबा आणि मी व्हरांड्यात बसून हळहळत होतो. पारी किती पातळ असायची, आल्याचा वास कसा यायचा, आता तसली पुली कुठे मिळणार. आत्या आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि बाबांना म्हणाली, "काय रे, त्या बाईच्या घरी कुणी भात नेला का?"

बाबांना आधी समजलंच नाही.

"नवरा गेलाय तिचा. दीड महिना तिनं तुझ्या बायकोला खाऊ घातलं. आणि तुम्ही दोघं पुलीचं सुतक धरून बसलाय!"

आमच्यात ज्या घरी माणूस गेलं त्या घरची चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलंभात नेतात. हे मला माहीत होतं, बाबांना तर होतंच. पण ती रीत चिनी माणसालाही लागू होते हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी आत्याकडे पाहू शकले नाही.

तासाभराने आत्या पिठलंभात घेऊन निघाली, बंगाली बोलायला मला बरोबर घेऊन. जाताना तिने बजावलं, "पुलीचा प-सुद्धा काढायचा नाही. मागायला नाही चाललो आपण." बाई दुकानामागच्या खोलीत बसली होती, केसांत दुखवट्याचं पांढऱ्या लोकरीचं फूल. आत्या उंबऱ्यापाशी टेकली आणि डबा आत सरकवला. बाईने बराच वेळ त्या पिवळ्या पिठल्याकडे पाहिलं, मग चार घास खाल्ले. घरी येऊन आत्याने आंघोळ केली. शनिवारी तेच, रविवारी तेच. इकडे आई पाण्यावर आली होती, आणि मी ओठ घट्ट मिटून बसत होते.

सोमवारी बाईनेच मला विचारलं, "मा केमन आछे?" आई कशी आहे. मी आत्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. मला रडूच फुटलं. बाई उठली, कोपऱ्यातला कोबी घेतला आणि पुढच्या दुकानात जाऊन चूल पेटवली. आता लाटायला कोणी नव्हतं. आत्याने पदर खोचला आणि दुकानात शिरून लाटणं हातात घेतलं.

पहिली चाळणी उतरली तशी आत्याने डबा भरून मला पिटाळलं. "गरम आहेत तोवर पळ. मी येते मागनं."

आईने एक खाल्ली आणि आम्ही श्वास रोखून बसलो. मग दुसरी, मग तिसरी. पाच खाल्ल्या, आणि पाचही पोटात राहिल्या. चैत्रात माझा भाऊ झाला तो काही या पाच पुलींमुळे असं मी म्हणणार नाही. पण बाबा त्या सकाळी कामावर गेले ते शीळ घालत.

आत्या दोन तासांनी परतली. हाताला पीठ तसंच होतं. ती न्हाणीकडे वळली नाही, आईच्या उशाशी येऊन बसली.

आईने विचारलं, "वन्सं, ती काही जेवली का?"

"जेवली," आत्या म्हणाली. "एकटीला घास उतरेना तिला. मग मीही जेवले तिच्या ताटात."