गरम पाण्याचा सडा

सिंधूला बर्फ आवडत नसे, पण सांगावं कुणाला? पुण्याहून सासूबाईंचा, लीलावतीबाईंचा, फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "काय गं, पडला का?" मग आवाज समुद्र ओलांडून येईपर्यंत जरा शांतता, आणि मग, "मज्जा आहे बाई तुमची. आम्ही मेलं सगळं आयुष्य कॅलेंडरवरच बघितला." आई, तो कॅलेंडरवरच चांगला दिसतो, असं अगदी जिभेच्या टोकावर येई आणि सिंधू म्हणे, "हो ना."

नवरा नंदकिशोर कॉम्प्युटरवाला. तो चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा राही आणि मीटिंगमध्ये बोलावं तसं बोले. "सी, सिंधू, बर्फ इज बेसिकली पाणी. यात प्रॉब्लेम काय आहे?" सोमवार उजाडला की हे बेसिकली पाणी बायकोच्या हवाली करून स्वारी शिनकानसेन या बुलेट ट्रेनने टोकियोच्या ऑफिसात, ती उगवे शुक्रवारी. दुसरीतली लेक तन्वी तर बर्फ दिसला की दप्तरासकट त्यात लोळे. "अगं, कोट भिजेल," म्हटलं की उत्तर यायचं, "दाइजोबु, दाइजोबु." म्हणजे काही होत नाही. कोट हीटरपुढे वाळत घालणारी दुसरीच असल्यावर हिला काय होणार होतं?

जपानातल्या या सेंदाईला बर्फ पडे थोडा, पण गोठे फार. बाल्कनीत विसरलेला नंदकिशोरचा लेंगा एकदा इतका ताठ झाला की सिंधूने तो भिंतीला टेकवून ठेवला, आणि तो पाहुण्यासारखा उभा राहिला. सायकलची चाकं जागच्या जागी गोठलेली. भाजीला पायी निघावं तर बदकासारखं तुरुतुरु चालायचं, आणि चढावर एक पाऊल पुढे, दीड पाऊल मागे. हीटरच्या रॉकेलची गाडी गाणं वाजवत यायची ती गल्लीच्या तोंडाशीच थांबायची. ड्रायव्हर काच खाली करून इतक्या अदबीने माफी मागायचा की डबा आपल्यालाच वाहायचा आहे हे कळायला वेळ लागे.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात मात्र या सगळ्यापेक्षा एक कोडं तिला जास्त छळत होतं. बर्फ पडला की सकाळी तिच्या दारापुढची वाट आधीच साफ झालेली असे. फावड्याच्या रुंदीची एक सरळ पट्टी, शेजारी राहणाऱ्या घरमालकीण कान्नो-सान, म्हणजे कान्नोबाई, यांच्या दारातून निघालेली, कुंपणाला वळसा घालून नेमकी सिंधूच्या उंबऱ्याशी थांबलेली. कोण करतं ते उघड होतं. का करतं, ते कळत नव्हतं.

कान्नो-सान सत्तरीच्या पुढच्या. अंगात कापूस भरलेला कोट, पायात गुडघ्याएवढे रबरी बूट, आणि वाक्याच्या शेवटी सेंदाईकडचं 'दाच्चा' चिकटवायची सवय. "सामुई दाच्चा," म्हणजे थंडी आहे हो. सिंधूला ते ऐकायला फार आवडे. पोळ्या लाटता लाटता ती मान थोडी खाली घालून, ओठ मिटल्यासारखे करून हुबेहूब म्हणे, "सामुई दाच्चा," आणि तन्वी पोट धरून हसे.

पण बाईंच्या मनात काय आहे, याची नक्कल करता येत नव्हती. आणि ते कळणं तर निकडीचं होतं. हे घर मिळायच्या आधी नवराबायको सेंदाईभर एजंटांकडे हिंडले होते. परदेशी म्हटलं की समोरचा माणूस मान तिरकी करून दातांतून हवा आत ओढायचा. "स्स्स्... मुझुकाशीई देस ने." अवघड आहे, म्हणजे नाही. कान्नो-सान यांनी तेवढी हवा ओढली नाही, तन्वीला एक संत्रं दिलं आणि घर दिलं. करार दोन वर्षांचा, मार्चअखेर संपणारा. तन्वीची शाळा कोपऱ्यावर, मैत्रिणी गल्लीत. पुन्हा दारोदार ते स्स्स् ऐकत फिरायची सिंधूची तयारी नव्हती. नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला गेली तेव्हा तिने धीर करून विचारलं, "पुढचं कसं करायचं?" कान्नो-सान खिडकीबाहेरच्या बर्फाकडे, मग सिंधूच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बर्फ सरला की बोलू या."

याचा अर्थ काय लावायचा? सिंधूने वृंदाला फोन केला. वृंदाचा नवरा विद्यापीठात संशोधन करायचा आणि तिची सेंदाईत बरीच वर्षं गेलेली, त्यामुळे जपानी मन या विषयावर तिचा शब्द शेवटचा.

"अगं, ही माणसं तोंडावर बोलत नाहीत," वृंदा म्हणाली. "करून दाखवतात. तुझ्या दारातला बर्फ ती काढते, म्हणजे तू काढत नाहीस हे दाखवते."

"पण त्या हसून बोलतात गं."

"हसणारच. मार्चमध्ये पण हसूनच टाटा करतील. तू काय कर, सांगू? तिच्या आधी ऊठ. आपलं कर आणि तिचंही करून टाक. म्हणावं, आम्हालाही येतं."

फेब्रुवारीत एका पहाटे सिंधूने पडदा सारला. रात्रभर पडून बर्फ थांबला होता, पट्टी अजून उमटलेली नव्हती. सिंधूने स्वेटरवर स्वेटर चढवला आणि ती बाहेर आली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपल्याकडे फावडं नाही. होती ती केर भरायची सुपली. सुपलीने चार वेळा बर्फ उचलला, पाचव्यांदा सुपलीची मूठ हातात आणि सुपली बर्फात.

आता थांबायचं म्हणजे कान्नो-सान उठणार. सिंधू घरात आली. न्हाणीघरात टब काठोकाठ भरलेला होता. सगळ्यांनी टबाबाहेर अंग धुऊन मग त्यात बसायचं, त्यामुळे पाणी स्वच्छ राहतं, आणि दुसऱ्या दिवशी ते कपड्यांना वापरायची इथली पद्धत. सिंधूने बटण दाबून ते कढत केलं. माहेरी साताऱ्याला सकाळी दारात सडा घालायचं काम तिचंच असे. बादलीतून ओंजळीने पाणी घेऊन मनगटाला असा एक झटका द्यायचा की पाणी पंख्यासारखं पसरलं पाहिजे. मनगट काही विसरलं नव्हतं.

पहिली बादली ओतली आणि बर्फ असा काही खाली बसला की सिंधू बघतच राहिली. वाफ उठली, खालचा काळा दगड दिसला. इतकी वर्षं ही माणसं फावडी घेऊन कंबर का मोडून घेतात, हेच तिला कळेना. बादलीमागून बादली. आपली पायरी झाली, वाट झाली, कुंपणाचा वळसा झाला. मग कान्नो-सान यांच्या दारापासून फाटकापर्यंत तिने छान एकसारखा सडा घातला. धुतलेलं अंगण कसं लखलखत होतं. रांगोळीच काय ती बाकी होती. ती आत आली, आल्याचा चहा टाकला, तन्वीला उठवलं आणि कप घेऊन खिडकीशी अगदी नंदकिशोरसारखी उभी राहिली.

अंगण अजून लखलखत होतं. जरा जास्तच. दिव्याचा खांब त्यात उलटा दिसत होता. पाण्यात दिसावा तसा दिसता दिसता तो काचेत दिसावा तसा दिसायला लागला, आणि सिंधूच्या हातातला कप तोंडापर्यंत गेलाच नाही.

तेवढ्यात शेजारचं दार सरकलं. रबरी बूट दिसले, मग फावडं, मग कान्नो-सान. त्यांनी एक बूट उचलला.

सिंधू चपला तशाच अडकवून धावली. थांबा म्हणायचं होतं, पण त्या क्षणी दोन वर्षांची जपानी पार पळाली. राहिलं होतं ते फक्त भुयारी रेल्वेच्या स्टेशनात रोज कानांवर पडणारं. दार उघडून ती ओरडली, तेही त्या अनाउन्सर बाईच्याच गोड, नाकातल्या सुरात, "आशिमोतो नि गोच्यूई कुदासाई." कृपया आपल्या पायांखाली लक्ष असू द्यावे.

कान्नो-सान यांचा बूट हवेतच थांबला. सिंधूचे पाय मात्र थांबले नाहीत. ती पायरीवरून बसकण मारून जी निघाली ती आपली उतरती वाट, कुंपणाचा वळसा, सगळं, एकही स्टेशन न घेता, पार करत थेट कान्नो-सान यांच्या उंबऱ्याशी येऊन थांबली.

वरून तन्वीचा आवाज आला. "मामा, सुगोई. मोओ इक्काई." आई, भारी, आणखी एकदा.

कान्नो-सान यांनी सिंधूकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं, फावड्याच्या टोकाने जमीन ठोकून पाहिली. टण्ण असा आवाज आला. "गरम पाणी," त्या म्हणाल्या.

"गरम पाणी," सिंधू म्हणाली. "चूक झाली. तुम्ही पडला असतात तर..." तिला पुढचं क्रियापद सापडेना आणि डोळे भरून आले. कमरेत कळ होतीच, पण ही म्हातारी बाई पडली असती आणि वर घरही गेलं असतं, हे दोन्ही एकदम डोळ्यांपुढे आलं होतं.

कान्नो-सान आत गेल्या. सिंधूला वाटलं, आता दार बंद. त्या एक जुनी गवती चटई घेऊन आल्या, ती बर्फाच्या काचेवर पसरली आणि तिच्यावर सिंधूच्या शेजारी फतकल मारून बसल्या. "माझ्या सासूने लग्नाच्या वर्षी मला सांगितलं होतं, गरम पाणी नको," त्या म्हणाल्या. "मीही ओतून बघितलंच."

आता नाहीतरी सगळं गेलंच, तर विचारून टाकू, असं सिंधूला वाटलं. "तुम्ही रोज माझ्या दारातला बर्फ का काढता? मी काढत नाही म्हणून?"

कान्नो-सान यांना प्रश्न कळायला वेळ लागला. "घर माझं आहे," त्या म्हणाल्या. "दारही माझंच दाच्चा. भाडेकऱ्याने पडू नये, हे मालकाचं काम."

म्हणजे वृंदाचं सगळं जपानी मन या एका वाक्यात आडवं झालं. सिंधूला हसू यायला लागलं. "मग करार? बर्फ सरला की बोलू, असं का म्हणालात?"

"तुम्ही बर्फाकडे कशा बघता माहीत आहे?" कान्नो-सान यांनी भुवया आवळल्या, ओठांचा चंबू केला आणि नाकातून सुस्कारा सोडला. सिंधूने जन्मात स्वतःची इतकी अचूक नक्कल बघितली नव्हती. "म्हटलं, यांना कधी एकदा मायदेशी जाते असं झालंय. बर्फात विचारलं तर नाहीच म्हणतील. जरा ऊब आली की विचारावं." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "आता बसलोच आहोत तर विचारते. राहणार का?"

"राहणार," सिंधू म्हणाली. मग प्रामाणिकपणे, "पण बर्फ मला आवडत नाही."

"ते सगळ्या गल्लीला माहीत आहे," कान्नो-सान म्हणाल्या. फावडं टेकून त्या उठल्या, आतून दुसरं, जड लोखंडी फावडं आणून सिंधूच्या हातात दिलं आणि काच फोडायला कुठून सुरुवात करायची ते दाखवू लागल्या.