पौषातलं स्टेज

औराद तालुक्यात माझ्या मामेसासऱ्यांच्या फळ्यांवर उभं राहिल्याशिवाय कुणी मोठा झालेला नाही, मग तो नवरदेव असो की आमदार. चाळीस वर्षं त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे आणि माणसं ते खुर्च्यांवर मोजतात. एखाद्या पुढाऱ्याचं नाव काढलं की लगेच शेरा मिळतो, "दोनशे खुर्च्यांचा हाय, त्यातल्या पन्नास रिकाम्या." मजूर फळी वाकडी ठोकायला लागला की तेलुगूत शिव्या, खांब मोजायचे कन्नडमध्ये आणि गाणं आवडलं की दाद दखनीत. शिवाय पंच्याहत्तरी आली तरी उभारलेल्या प्रत्येक स्टेजवर स्वतः तीन उड्या मारल्याशिवाय ते कुणाला चढू देत नाहीत. माझ्या लग्नात त्या उड्या पाहून आमच्याकडचे वऱ्हाडी हलगी आणायला धावले होते.

एका लग्नात साडी नेसून नाचणारी सुगंधा स्टेजच्या मागून पिंपावर पाय देऊन चढताना घसरली. पुढच्या पायऱ्या पाहुण्यांच्या, नाचणाऱ्यांनी मागून यायचं, अशी आमच्याकडची रीत. मामा आठ दिवस अस्वस्थ होते. "फळ्या माझ्या, आन त्या पोरीला पिंपावरून चढायला लावायलाव व्हय?" असं ते भेटेल त्याला विचारायचे. मग पौष लागला. पौषात लग्नं नसतात, सामान गोदामात पडून असतं. मामांनी बाजारतळावर स्टेज ठोकलं, समोर रुंद पायऱ्या लावल्या आणि ज्यांना कुणी मानानं बोलावत नाही त्या कलाकारांना निरोप धाडले. आळंदकडचा एक जोगता आला. कलबुर्गीहून दोन गायिका आल्या. त्या नुसत्या मैत्रिणी नाहीत, जोडपं आहे, हे मामांनी मला मंडपाचं माप सांगावं तितक्या सहज सांगितलं. दरवर्षी हे होऊ लागलं, आणि शाळामास्तर म्हणून निवेदन माझ्याकडे आलं. जो चढेल त्याला शाल, हा मामांचा हट्ट, त्यामुळे एकदा बल्ब बदलायला चढलेल्या वायरमनचाही सत्कार झाला.

गेल्या पौषात सुगंधा स्वतःच्या कविता म्हणणार होती. एरवी ती ठाणाकुशनूरला ब्लाउज शिवते. पूर्वी माझ्याच शाळेत शिकली, तेव्हा मुलाच्या नावानं. तिनं माझ्या हातात चिठ्ठी दिली, 'कवयित्री सुगंधा'. म्हणाली, "सर, एवढंच वाचा. आई आलीय. हे नाव तिनं अजून कुणाच्या तोंडून ऐकलं न्हाई."

मी व्हय म्हणालो. पण माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि मामांनी उदगीरहून आलेल्या माझ्या होणाऱ्या व्याह्यांना नेमकं पहिल्या रांगेत बसवलं होतं. आपला मास्तर व्याही असल्या लोकांत मानानं वावरतो, हे त्यांना कसं वाटेल, याची मला भीती वाटली. चिठ्ठी डोळ्यांसमोर असताना मी शाळेच्या हजेरीतलं जुनं नाव पुकारलं, आणि वर "आता थोडी गंमत" असंही म्हणालो. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

कुणी चढेना. मामा पायऱ्या चढून आले. "माइक खरखरायलाय, जावईबापू, इकडं आणा," म्हणाले. माइक ठणठणीत होता. त्यांनी तिचं नाव दोनदा पुकारलं, दुसऱ्यांदा तिच्या आईकडे बघून. सुगंधा आली, आणि तिनं कविता अशा म्हटल्या की भाजीवाल्या बायका पाट्या खाली ठेवून ऐकत राहिल्या. शेवटी माझ्याही सत्काराची पाळी आली. मामांनी शाल तिच्याच हातात दिली. ती माझ्या अंगावर घालताना सुगंधा हळूच म्हणाली, "सहा वर्षं त्या नावाला हजर म्हणलं म्या, सर. आता न्हाई म्हणवत."

परतताना व्याही म्हणाले, "काय म्हणली वो पोरगी! आमच्या उदगीरला न्यायला पायजे."

मामांनी त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. परवा घरी आले, चहा प्याले, मुलीचा संसार कसा चाललाय ते विचारलं. निघताना चपला घालत म्हणाले, "पौष आलाय. येनार न्हवं, जावईबापू? तुमच्यासाठी पुढची खुर्ची ठेवतो."

येतो म्हणालो. या वेळी माइकचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.