पेणच्या मैदानावर काढलेले बूट

काल शाळेच्या जुन्या मुलींच्या ग्रुपवर कोणीतरी तो फोटो टाकला. स्टेजवर माझी मैत्रीण खुर्चीत बसलीय, पायात नवे पांढरे बूट, मागे सिस्टर हसतायत, आणि खाली पन्नास बदाम. 'किती गोड दिवस होते' म्हणे. माझं डोकं असं सटकलं की मी जेवण अर्धं टाकून टाइप करायला बसले. चुका असतील तर असू देत.

मी कासूची. घरचे मिठागरावर, घरात गणपती, आणि शाळा मात्र रोह्याला सिस्टरांची. पनवेल-रोहा गाडीने जायचे. मला शाळेतलं चॅपल आवडायचं, खोटं कशाला बोलू. मॅचच्या आधी आम्ही खो-खोची अख्खी टीम तिथे गुडघे टेकायचो आणि मी अगदी मनापासून येशूला सांगायचे, बाबा, आज टॉस दे.

ही मैत्रीण नागोठण्यापलीकडच्या आदिवासी वाडीवरची, सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये राहायची. खो-खोत बसताना माझ्या शेजारचा चौकोन तिचा, दोन वर्षं. खांबावर ती जी डाइव्ह मारायची ना, तशी आख्ख्या तालुक्यात कोणाची नव्हती. आई-बाप वीटभट्टीवर. दहावी झाली की तिलाही भट्टीवर नेणार हे ठरलेलं. एकच वाट होती: जिल्ह्याच्या टीममध्ये नाव आलं तर अकरावीला खेळाच्या कोट्यातून हॉस्टेल मिळणार होतं. डिसेंबरात पेणला सामने होते आणि निवड करणारे तिथेच बघायला येणार होते.

आता नाताळाआधीची आमच्याकडची पद्धत सांगते. प्रत्येक वर्गात बाळ येशूची एक रिकामी गव्हाण ठेवायचे. कोणी काही चांगलं केलं, काही सोडलं, काही दिलं, की त्यात गवताची एक काडी टाकायची. म्हणजे बाळाला मऊ बिछाना. किती सुंदर ना? पण नाताळाला सगळ्यात भरलेली गव्हाण कोणत्या वर्गाची, ते सिस्टर असेंब्लीत जाहीर करायच्या. झालं, मग ती मॅचच. मी कॅप्टन, मी मॉनिटर, मला हरायची सवय नाही. मी आठवडाभर वडापाव सोडला, एक काडी. नववीवाल्या पुढे जायला लागल्या. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, गरजू मुलीचं नाव सुचवा, पालक वस्तू देतील, सुचवणाऱ्या वर्गाला मूठभर काड्या.

मी तिचं नाव दिलं. पुढे लिहिलं, स्पोर्ट्स शूज. का? तिची चप्पल पिनेवर होती म्हणून. खो-खो आम्ही सगळ्याच अनवाणी खेळतो, मीसुद्धा, हे मला लिहिताना आठवलंच नाही. माप विचारलं तर माझंच सांगून टाकलं.

मग तो स्टेजचा कार्यक्रम. तिला नावाने पुकारलं, खुर्चीत बसवलं, देणाऱ्या बाईंच्या पाचवीतल्या मुलीने बूट पुढे केले आणि सगळ्यांसमोर घालायला लावले. टाळ्या. सिस्टरांनी माइकवर सांगितलं की पेणच्या सामन्याला हे पाहुणेही येणार आहेत, आपली मुलगी त्यांच्याच बुटांत धावेल. पीटीचे सर बाजूला उभे. त्यांना माहीत होतं काय होणार. शिटी बोटाभोवती फिरवत राहिले.

पेणला पहिल्या डावात तेच झालं. खांबाला वळताना बूट मातीत सरकला, टाच बाहेर, ती तोंडावर पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. समोरच्या मुली हसत होत्या, बुटवाली आली म्हणून. दुसऱ्या डावाआधी तिने बूट काढले, मैदानाच्या कडेला नीट जोडीने ठेवले आणि आत आली. मग काय खेळली ती. एकामागून एक गडी. आम्ही जिंकलो आणि निवडीच्या यादीत तिचं नाव आलं. मी रडले आनंदाने.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी तिला बोलावलं. पाहुण्यांचा अपमान झाला, त्यांना माफीचं पत्र लिही, मग तुझ्या जिल्ह्याच्या टीमच्या फॉर्मवर सही करते. ती म्हणाली, "मी बूट मागलेच नव्हते, सिस्टर." एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. आणि पत्र लिहिलं नाही.

याच सिस्टर तिच्या तापात रात्रभर उशाशी बसलेल्या. त्यांना दुष्ट म्हणता येत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

मी धावत ऑफिसात गेले. सांगितलं, नाव मी दिलं, माप माझं होतं, चूक माझी, मी लिहिते पत्र. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "तुझं मन मोठं आहे बाळ. तू दिलंस. तिला घेता आलं नाही." आणि मी, मी मान डोलावून बाहेर आले. त्यांनी हात काढेपर्यंत त्या हाताखालून बाजूला झाले नाही.

मग तिला सांगितलं, तुझं नाव मीच दिलं होतं. ती बोर्डिंगच्या नळावर कपडे धूत होती.

"म्हायत हाय मला," ती म्हणाली. "तुझ्या अक्षरातला कागद सिस्टरांच्या टेबलावर बघितला मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू गो? दोन वर्सं शेजारी बसतेस, नि माझ्या पायाचं माप पन तुला म्हायत नाय."

मी म्हटलं, लिही ना ते पत्र, चार ओळी तर आहेत. मीच म्हटलं हे. ती फ्रॉक पिळत राहिली. म्हणाली, चार ओळी लिहिल्या की जन्मभर मीच बूट मागणारी.

फॉर्मची तारीख गेली. मी सरांना गाठलं, ती माझ्यासोबतच होती. सर म्हणाले, बघू, पुढच्या वर्षी नक्की पाठवू हिला. आम्ही दहावीत होतो. सरांना हे माहीत होतं. शेवटचा पेपर झाला त्याच दुपारी तिचा बाप फाटकाशी येऊन उभा राहिला, आणि ती पेपरचं पॅडसुद्धा खाली न ठेवता तशीच त्याच्याबरोबर भट्टीवर गेली.