मोरीत टाकलेला प्रसाद

आधीच कबूल करते, मी देवीवर रागावले होते. क्षयाच्या औषधांचा तिसरा महिना, ताप उतरलेला, आणि घटस्थापनेलाच मी गोळ्या बंद केल्या. उपाशीपोटी मळमळायचं, आणि नऊ दिवसांचा कडक उपास तर सासूबाईंपासून चालत आलेला. देवीसाठी करतेय, ती बघून घेईल, म्हटलं. लेकाला कळू नये म्हणून गोळ्या मोरीत टाकायच्या आणि रिकामं पाकीट टेबलावर ठेवायचं. हे शहाणपण! दसरा होतोय तोच ताप परतला, खोकल्यातून रक्त पडलं. तिच्यासाठी केलं आणि तिनं हे दिलं, म्हणून तो राग. सुनेला सातवा महिना. मी बरी झाले नाही, तर नातवंडाला हात लावायची सोय नव्हती.

लेकानं कल्याणच्या क्षयरोग केंद्रात नेलं. गोळ्या नीट घेतल्या असंच सांगायचं मी ठरवलं होतं. लेक केसपेपरच्या रांगेत उभा राहिला आणि माझ्या बाकावर एक म्हातारी आगरी बाई येऊन टेकली. पूर्वी इथंच रुग्णांची सेवा करणारी आया होती म्हणे. भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीला अजून फुलं आणते. मी विचारलं नव्हतं, तरी बोलत सुटली.

"माझी आय खाडीकडच्या आरोग्यधामात व्हती. तवा औषध कुठं? उघड्या पडवीत खाटा, दूध, अंडी नि देवाचं नाव. आय तिथंच गेली. मंग सुया आल्या, वॉर्ड झाला, त्यात मी राबले. आता खाटा बी गेल्या. खिडकीतून गोळ्या घ्यायच्या नि घरी जायचं."

मी म्हटलं, "मावशी, नवरात्रात वॉर्डातल्या बायका उपास करायच्या?"

"करायच्या की! गोळी आधी देवीपुढं ठेवायच्या, मंग गिळायच्या. ह्योच परसाद, म्हणायच्या. अगं, त्या पडवीतल्या बायांनी याच गोळीसाठी नवस केलं असतील."

नऊ दिवस मी प्रसाद मोरीत टाकला होता.

आत गेल्यावर लेकासमोरच सिस्टरना सगळं खरं सांगितलं. त्यांनी चांगलंच झापलं, थुंकी पुन्हा तपासायला पाठवली. औषधं लांबली, पण लागू पडली. लेक मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही.

सून म्हणते, ती देवीच होती. मी म्हणते, आया होती, आणि देवीनंच तिला माझ्या बाकावर बसवलं. देवीला द्यायला मी कायम पुढे असायचे, तिच्याकडून घ्यायला मात्र मान वाकवावी लागते, ते मला त्या बाकावर कळलं. नात चार महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता खुशाल घ्या. तिला छातीशी धरलं आणि इतकी रडले, की सून घाबरून धावत आली.