चौथा नवरंग

दर विणीच्या हंगामात आम्ही शिक्षक बुलढाण्याच्या घाटात पक्षी मोजतो. नवरंग पक्षी वर्षानुवर्षे कमीच होत चाललेला. यंदा मात्र चार ठिकाणी त्याची शीळ ऐकली आणि मी आनंदाने चार नोंदी केल्या. तेवढ्यात झुडपामागे बकऱ्या चारणारी एक बाई गाल फुगवून हुबेहूब तीच शीळ घालताना दिसली.

“मावशी, हे काय?”

“पह्यले लय होते, बाप्पा. आता दिसत नाही. म्हून मीच बलावते. एखांदा भुलून आला तं आला.”

“मी तर चार ठिकाणी ऐकला म्हणून लिहिला होता,” म्हणत मी नोंदी खोडू लागलो.

“काऊन खोडून राह्यले? कुठं कुठं ऐकलं?”

“टेकडीवर, तळ्यापाशी, वाटेत आणि नाल्यात.”

“नाल्यात? तिकडं तं मी गेलीच नाही!”

आणि बकऱ्या माझ्या हवाली करून ती नाल्याकडे धावत सुटली.